मोहोर, कोपर आणि सहा वर्षांचा करार

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव, क्लब काढून टाकले आहेत, आकडेही थोडे बदलले आहेत. मुलगा २३ वर्षांचा, बेसबॉल खेळतो, उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. कॉलेजचं एक वर्ष बाकी असताना ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, निवडला गेला, त्या वेळी सव्वादोन लाख डॉलर बोनस मिळाला. आता ट्रिपल-एमध्ये आहे, म्हणजे सर्वांत वरच्या मेजर लीगच्या एक पायरी खाली. त्याच्या क्लबनं मेजर लीगचा एकही सामना खेळायच्या आधीच लांब मुदतीचा करार पुढे केला आहे: सहा वर्षांचे मिळून २ कोटी २० लाख डॉलर, आणि त्यापुढची दोन वर्षं क्लबची मर्जी असेल तर आजच ठरलेल्या रकमेवर. फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचा सराव, सुरू होण्याआधी उत्तर हवंय. वडील म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. एजंट म्हणतो, थांबा, तीन-चार वर्षांत याच्या तिप्पट मिळेल. देवगडहून आजोबा फोनवर म्हणाले, "मोहोर यायच्या आधी बाग देऊन टाकतात काय? भाव पडतो." मुलगा काहीच बोलत नाही. आई विचारते, "एवढा लांब करार म्हणजे सापळा तर नाही ना? मी कोणाच्या बाजूनं उभी राहू?" पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय, की दिवाळीत तो घरी आला होता, चकल्यांना मदत करायला बसला, आणि सोऱ्या डाव्या हातानं फिरवत होता, त्याचं सगळ्यांना हसू आलं.

नमस्कार ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या सोऱ्यापाशी थांबले. त्याच्याकडे येते. आधी आजोबांचं म्हणणं घेऊ, कारण तुमच्या घरातल्या सगळ्या मतांत मला ते सर्वांत जाणतं वाटलं.

मोहोर यायच्या आधी बाग कराराने दिली तर पैसे कमी मिळतात, हे खरंच आहे. तुडतुडे, थ्रिप्स, अवकाळी पाऊस, सगळा धोका घेणाऱ्याच्या माथी जातो, म्हणून तो भाव पाडून घेतो. तुमच्या मुलाचा क्लब नेमका हाच व्यवहार करतो आहे. पण कलम यंदा नाही मोहरलं तर पुढच्या वर्षी मोहरतं. शिवाय आजोबांच्या बागेत एकच कलम नसणार. तुमच्या मुलाकडे उजवं कोपर एकच आहे. क्लबच्या यादीत चाळीस खेळाडू असतात, एक पिचर निकामी झाला तरी बाकीच्यांवर त्याचं भागतं. एजंटकडेही आणखी मुलं असणारच. दोघांचं फसलं आणि एकाचं जमलं तरी त्याचा हिशेब बसतो. थांबायचा सल्ला तो मनापासूनच देत असेल, पण त्याची बाग मोठी आहे, तुमची एका झाडाची. धोका कोणाला पेलतो, ही गोष्ट रकमेच्या आधी बघायची.

आता तुमच्या यजमानांच्या "हातचं" या शब्दाकडे वळते. हातात नक्की काय आहे? ट्रिपल-एचा किमान पगार २०२३ च्या करारात वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला होता. मेजर लीगचा किमान पगार २०२६ साठी ७ लाख ८० हजार. पण तिथे पोचल्यावरही पहिली तीन वर्षं साधारण किमान पगाराच्या आसपासच मिळतात, पुढची तीन वर्षं लवादाची, म्हणजे आर्बिट्रेशनची, आणि सहा वर्षांची सेवा भरल्यावरच खेळाडू फ्री एजंट होऊन बाजारात उभा राहू शकतो. मोठा पैसा तिथे. एजंटचं "तिप्पट" खरं व्हायचं असेल तर मुलाला आधी वर जायला हवं, तिथे टिकायला हवं, आणि ती सगळी वर्षं कोपर आणि खांदा धड राहायला हवेत. यातलं एकही आज हातात नाही. उलट मेजर लीगचा करार सही झाल्यावर हमीचा असतो: खेळताना दुखापत झाली, फॉर्म गेला, तरी पैसे मिळतात. या अर्थानं यजमान बरोबर आहेत. फक्त २ कोटी २० लाख हा आकडा घरात तसा येत नाही. केंद्राचा कर वरच्या टप्प्यावर ३७ टक्के, ज्या ज्या राज्यात सामना खेळेल तिथला कर वेगळा, एजंटचे साधारण चार-पाच टक्के. निम्म्याच्या आसपास हातात येईल, तेही सहा वर्षांत विभागून. तरीसुद्धा ही रक्कम अशी आहे, की नीट सांभाळली तर त्या मुलाला आयुष्यभर पैशापायी नको ती नोकरी करावी लागणार नाही.

मी क्लीव्हलँडला राहते, आणि लांब करारांबद्दल जे काही शिकले ते या एका गावाच्या टीममधून शिकले. नव्वदच्या दशकात जॉन हार्ट इथले जनरल मॅनेजर होते. कोवळ्या खेळाडूंना लवादाची वेळ यायच्या आधीच लांब करारात बांधून घ्यायची पद्धत त्यांनी रूढ केली. तुमच्यासमोर जो कागद आहे त्याचं मूळ इथे आहे. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू आम्ही जवळून पाहिल्या.

इथला ग्रेडी साइझमोर तुम्हाला आठवत असेल. आमच्या मुलीकडे त्याचा २४ नंबरचा टी-शर्ट होता, धुऊन धुऊन आकडा विरला तरी ती टाकू देत नव्हती. मार्च २००६ मध्ये, २३ व्या वर्षी (तुमच्या मुलाचंच वय) त्यानं सहा वर्षांसाठी २ कोटी ३४ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. पुढची तीन वर्षं तो इतका सुंदर खेळला, की गावातले लोक म्हणायचे, पोरानं स्वतःला स्वस्तात विकलं. २००८ मध्ये ३३ होमरन आणि ३८ चोरलेले बेस! मग कोपर, मग जांघ, २०१० मध्ये डाव्या गुडघ्याची सर्जरी, नंतर उजव्या. २०११ च्या अखेरीस क्लबनं पुढच्या वर्षाचा पर्याय नाकारला, २०१२ साठी कमी पैशांत एका वर्षाचा करार दिला, आणि त्या वर्षी पाठीमुळे तो एकही सामना खेळू शकला नाही. त्या कराराविना त्यानं बाजाराची वाट पाहिली असती, तर बाजार उघडेपर्यंत त्याचं शरीर दुखापतींनी पोखरलेलं असतं. तेव्हा "स्वस्तात विकलं" म्हणणाऱ्यांत मीही होते. आज तसं म्हणणार नाही.

पिचरांचं तर विचारूच नका. मायामीच्या सँडी अल्कांतारानं नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच वर्षांचे ५ कोटी ६० लाख घेतले, २०२२ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कोपराची सर्जरी झाली. २०२४ पूर्ण गेलं. अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सहा वर्षांचे साडेसात कोटी मान्य केले, एप्रिल २०२४ मध्ये त्याच्याही कोपराची सर्जरी. दोघांनीही "कमी" घेतलं असं तेव्हा बोललं गेलं होतं. दोघांचाही पगार चालू राहिला.

मग तुम्ही म्हणाल, सही करून टाकू. थांबा, दुसरी बाजू याच गावची आहे, आणि मला ती तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते.

२०१७ चा वसंत. क्लीव्हलँडच्या इनफील्डमध्ये दोन तरुण मुलं शेजारी शेजारी खेळत होती. एक होजे रमिरेझ, दुसरा फ्रान्सिस्को लिंडोर. रमिरेझनं पाच वर्षांचे २ कोटी ६० लाख घेतले, वर दोन वर्षं क्लबच्या मर्जीवर. लिंडोरनं सुमारे १० कोटींचा देकार नाकारल्याच्या बातम्या आल्या. पुढे २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून त्याला दहा वर्षांचे ३४ कोटी १० लाख मिळाले. मग रमिरेझ चुकला का? डोमिनिकन रिपब्लिकमधून त्याला घेतलं तेव्हा बोनस मिळाला होता ५० हजार डॉलर. लिंडोर २०११ च्या ड्राफ्टमध्ये आठवा निवडला गेला, त्याला २९ लाख मिळाले होते. एकाच्या पाठीशी २९ लाख होते, त्याला थांबणं परवडत होतं. दुसऱ्याला नव्हतं. दोघांनीही आपापल्या घराकडे बघून शहाणपणाचाच निर्णय घेतला. (रमिरेझनं पुढे २०२२ मध्ये इथेच सात वर्षांचे १४ कोटी १० लाख घेतले, बाजारात गेला असता तर याहून पुष्कळ मिळाले असते, आणि हे गाव त्याच्यावर जीव टाकतं.)

म्हणून ताई, करार लांब आहे की आखूड, यावर सापळा ठरत नाही. तुम्ही दोघं नोकरी करता, घराचं कर्ज फेडत आणलंय, मुलाच्या बोनसातलं कर आणि हिवाळी प्रशिक्षण जाऊन सत्तर-ऐंशी हजार उरलेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुम्ही रमिरेझ आणि लिंडोर यांच्या मधे कुठेतरी आहात. उपाशी राहायची पाळी येणार नाही, पण दहा वर्षं थांबायची ऐपतही नाही. अशा घरानं पहिली सहा वर्षं विकायला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे त्या शेवटच्या दोन वर्षांना.

ती दोन वर्षं नीट बघा. सहा वर्षं संपतील तेव्हा तो साधारण २९ चा असेल. तेव्हा कोपर धड असेल आणि तो उत्तम टाकत असेल, तर क्लब आजच्या भावात आणखी दोन वर्षं ठेवून घेईल, आणि तो बाजारात उतरेल ३१ व्या वर्षी. कोपर गेलं असेल तर क्लब सोडून देईल. हा पर्याय फक्त एकाच बाजूला चालतो. २९ व्या वर्षी पिचरला जेवढ्या वर्षांचा करार मिळू शकतो तेवढा ३१ व्या वर्षी सहसा मिळत नाही, त्यामुळे खरी किंमत त्या दोन वर्षांत मोजली जाते. एजंटला सांगा, सगळा जोर तिथे लावायचा. दोनाऐवजी एकच वर्ष मागा. ते जमलं नाही तर त्या वर्षांची रक्कम कामगिरीनुसार वाढती ठेवा: अमुक इनिंग्ज टाकल्या, साय यंगच्या मतदानात अमुक क्रमांक आला, की रक्कम चढेल. क्लबनं ती वर्षं घेतली नाहीत तर द्यायची भरपाईही चांगली असू दे. एकूण रकमेत दहा-वीस लाख वाढवून मिळण्यापेक्षा मी हे घेईन.

आणखी एक समजूत तुमच्या पत्रात आहे, "सहा वर्षं तरी एका ठिकाणी स्थिर होईल." ती सोडून द्या. करारात ट्रेडला, म्हणजे दुसऱ्या क्लबला देऊन टाकायला, मनाई लिहिलेली नसेल, आणि इतक्या कोवळ्या खेळाडूला ती सहसा मिळत नाही, तर क्लब त्याला उद्या सिअ‍ॅटलला पाठवू शकतो. टीममध्ये जागा मिळेल याचीही हमी नसते. जॉन सिंगलटननं २०१४ मध्ये पदार्पणाच्या तोंडावर ह्यूस्टनकडून पाच वर्षांचे १ कोटी घेतले, त्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी .१६८, म्हणजे फारच कमी, राहिली आणि तो पुन्हा खालच्या मायनर लीगमध्ये गेला. तुमच्या मुलासारख्याच, मेजर लीग न पाहिलेल्या मुलाचा तो करार होता. हमी पैशाची होती, मैदानावरच्या जागेची नव्हती. तेव्हाही त्यानं कमी घेतलं म्हणून टीका झाली होती. ते घेतले नसते तर एवढे पैसे त्याला दिसले असते असं मला वाटत नाही.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सांगते.

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, तळ्याकाठच्या जुन्या स्टेडियममध्ये तरुणपणी जाऊन बसायचे. वेन गार्लंडचं नाव निघालं की ते आपला उजवा खांदा धरून दाखवायचे. गार्लंडनं १९७६ मध्ये बाल्टिमोरसाठी २० सामने जिंकले होते. खेळाडूंना बाजारात जायची मोकळीक नुकतीच मिळाली होती, आणि क्लीव्हलँडनं त्याला दहा वर्षांचे २३ लाख डॉलर दिले. त्या काळात हा आकडा ऐकून लोक थक्क झाले होते. पहिल्याच स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये त्याचा खांदा दुखायला लागला. इतके पैसे घेतलेत तर टाकलंच पाहिजे, या भावनेनं तो टाकत राहिला. १९७७ च्या त्या मोसमात २८२ इनिंग्ज टाकल्या, १९ सामने हरला. १९७८ मध्ये खांद्याची सर्जरी झाली. दहा वर्षांच्या करारातली पाचच वर्षं तो इथे खेळला, एकूण २८ विजय. पैसे मिळाले, पण खांदा परत आला नाही. आजोबा म्हणायचे, लोक त्याला पहिल्या सामन्यापासून पैशावरून टोचत होते, आणि टोचणाऱ्यांत आपण होतो याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

लांब कराराचा हा धोका कागदावर लिहिलेला नसतो. पैसे सुरक्षित होतात आणि मुलगा ऋणी होतो. दुखतंय म्हणायची लाज वाटू लागते. आपल्या घरांत वाढलेल्या मुलांना ती जास्तच वाटते, कारण "घेतलं ते निभावायचं" हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. सही करायची असेल तर त्याआधी घरातल्या मोठ्या माणसानं त्याला स्पष्ट सांगायला हवं, की दुखलं त्या दिवशी सांगायचं, आणि आम्हाला पैशाची फिकीर नाही. हे यजमानांनी सांगितलं तर उत्तम, कारण सही करा असं तेच म्हणताहेत.

काही गोष्टी पटकन सांगून टाकते. हमीच्या करारातही धोकादायक खेळांना मनाई असते. ॲरन बून जानेवारी २००४ मध्ये मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना गुडघा मोडून बसला आणि यांकीजनं ५७ लाखांहून मोठ्या करारातून त्याला मोकळं केलं. त्याच वर्षी तो आमच्याकडे आला. तुमच्या मुलाला स्कीइंग आवडतं असं लिहिलंय, ते आता बंद. भविष्यातल्या कमाईचे काही टक्के लिहून घेऊन आज रोख देणाऱ्या कंपनीचा फोन आल्याचंही तुम्ही लिहिलंय. इथल्या फ्रान्सिस्को मेहियानं असे पैसे घेतले आणि २०१८ मध्ये तो कोर्टात गेला, नंतर दावा मागे घेतला. तुमच्यासमोर क्लबचा हमीचा करार असताना त्या वाटेला जाऊ नका. करार नाकारायचा ठरलाच तर अपंगत्वाचा विमा काढल्याशिवाय नाकारू नका. मॅक्स शेर्झरनं २०१४ मध्ये डेट्रॉइटचे १४ कोटी ४० लाख नाकारताना विमा उतरवला होता. आणि २०२२ पासून मायनर लीगची मुलंही खेळाडूंच्या संघटनेत आहेत, तिथे फोन करून कागद दाखवा. एजंटला राग येणार नाही, यायला नको.

आता सोऱ्या.

तुम्ही हसलात, मीही वाचताना आधी हसले. पण घट्ट पिठाचा सोऱ्या उजव्या हाताचा माणूस डाव्या हातानं फिरवत नाही. मोसम संपून महिना-दोन महिने झाल्यावर तर नाहीच. कदाचित काहीच नसेल, हाताला आराम देत असेल. कदाचित तो गप्प का आहे याचं उत्तर तिथे असेल: सही केली तर तपासणीत निघेल, नाही केली तर संधी जाईल.

करारात खेळाडूला लिहून द्यावं लागतं, की आपल्याला ठाऊक असलेला कोणताही शारीरिक दोष आपल्यात नाही. क्लबचे डॉक्टर तपासतीलच. लपवून सही करणं चुकीचं आहे आणि ते टिकतही नाही. पिचर कुमार रॉकरचं उदाहरण आपल्याकडच्या सगळ्या घरांना माहीत आहे, त्याची आई भारतीय वंशाची. २०२१ मध्ये मेट्सनं त्याला दहावा निवडला, तपासणीनंतर करारच पुढे केला नाही. तेव्हा वाटलं होतं सगळं संपलं. त्यानं खांद्याची सर्जरी करून घेतली, बाहेरच्या एका लीगमध्ये काही सामने खेळला, २०२२ मध्ये टेक्सासनं त्याला तिसरा निवडला आणि ५२ लाख दिले. २०२३ मध्ये कोपराची सर्जरी झाली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो मेजर लीगमध्ये उभा राहिला. टॉमी जॉन नावाच्या पिचरवर १९७४ मध्ये पहिल्यांदा कोपराची ही सर्जरी झाली, तेव्हापासून असंख्य हात परत आलेत. वर्ष-दीड वर्ष जातं, पण निदान झालेलं कोपर बरं होण्याची शक्यता लपवलेल्या कोपरापेक्षा कितीतरी जास्त.

तेव्हा फेब्रुवारीची तारीख, एजंट, आजोबा, सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. क्लबशी संबंध नसलेला, पिचरांचे हात बघणारा ऑर्थोपेडिक डॉक्टर शोधा आणि एमआरआय करून घ्या. अहवाल स्वच्छ आला तर पहिली सहा वर्षं द्या आणि शेवटच्या दोनांसाठी भांडा. काही निघालं तर क्लबला सांगा. रक्कम कमी होईल, कदाचित देकार मागे घेतला जाईल, आणि तरीही तो २३ वर्षांचाच असेल.

मात्र डॉक्टरची वेळ घ्यायच्या आधी त्याला तुम्ही एकटीनं विचारा. फोनवर विचारू नका. नाताळात घरी येईल तेव्हा, स्वयंपाकघरात, दोघंच असताना विचारा. त्याच्या हातात काहीतरी काम द्या आणि तो कुठल्या हातानं करतो ते बघा.